हजेरीतून गाळलेलं गोरेगाव

कोणी ‘येतो आता’ म्हणून उठलं की पटलेजींचा चेहरा उतरायचा. मग तो विमा विकायला आलेला असो, की गणपतीची वर्गणी मागायला. “बसा ना जी, का घाई आहे,” म्हणत ते त्याच्यासाठी दुसरा चहा सांगायचे आणि त्या चहाच्या आधाराने पाहुणा आणखी अर्धा तास बडबडायचा. मी नोंदणी विभागात, माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून. पाहुणा त्यांचा आणि डोकं माझं उठायचं.

गोंदियातल्या एका धर्मादाय दवाखान्यात आम्ही बरीच वर्षं शेजारी बसून काढली. हेमराज पटले तिथले सर्व्हर सांभाळायचे. उंच, काटकुळे, मिशी बारीक कातरलेली. सर्व्हरच्या खोलीत बारा महिने एसी, म्हणून अंगात कायम बिनबाह्यांचा स्वेटर. मे महिन्यात, डांबर वितळायच्या उन्हात, ते तो स्वेटर काढायला विसरून तसेच सायकलवर मुर्रीला घरी जायचे. बाजारातली पोरं हसायची. पटलेजींना वाटायचं, ओळखीची असतील, म्हणून ते हात करायचे. घरी तीन कुत्री होती आणि तिन्ही दुसऱ्यांची. एकदा भाकरी घातली की ती आपली, असं त्या कुत्र्यांचंही मत होतं आणि पटलेजींचंही.

हा माणूस कशालाही जा म्हणू शकत नव्हता. सुरुवातीला आम्हाला ते फार गोड वाटायचं.

त्यांचं काम थोडं सांगायला हवं. दवाखान्याचा मुख्य सर्व्हर गोंदियात, आणि गोरेगाव, सौंदड अशा बाहेरच्या केंद्रांवर एकेक छोटा. पेशंटचं नाव, तपासण्या, औषधं, सगळं त्यात. या मशीनवर किती ताण पडतोय, जागा किती उरली, हे समजावं म्हणून तिच्या आतच एक राखण्या बसवता येतो. तो दर थोड्या वेळाने बघतो आणि लिहून ठेवतो. त्यांच्या धंद्यात त्याला डेटा कलेक्टर म्हणतात. कुठल्या सर्व्हरवर कोणते कलेक्टर बसवलेत, त्यातले कोणते चालू आणि कोणते बंद, हे एका जागी बसून विचारायला पटलेजींनी एक स्क्रिप्ट लिहिली होती. काळ्या खिडकीत एक शब्द टाइप करायचा, एंटर मारायचं, की ती एकेका केंद्राचं दार ठोठावून तिथली नावं घेऊन यायची. स्क्रिप्टचं नाव त्यांनी ‘हजेरी’ ठेवलं होतं.

आणि ती खरंच हजेरी होती. सकाळचा चहा आला की ते चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायचे, एंटर मारायचे, आणि पडद्यावर जे उमटेल ते शाळामास्तराच्या सुरात मोठ्याने वाचायचे. कलेक्टरांना त्यांनी माणसांची नावं दिली होती. मेमरीवर लक्ष ठेवणारी सोनाबाई, कारण त्यांच्या गावची सोनाबाई चाळीस वर्षांपूर्वीचं भांडणही विसरत नसे. प्रोसेसरवाला बळीराम, डिस्कवाला गणपत.

“सौंदड. सोनाबाई?” मग स्वतःच, “चालू. बळीराम? चालू. गणपत? बंद. काऊन रे गणपत, झोपला का?”

चहा निवायचा, पण हजेरी संपल्याशिवाय ते कपाला हात लावत नसत आणि मलाही लावू देत नसत. मी चिडायचे. त्यांच्यावर चिडणं म्हणजे भिंतीवर चिडण्यासारखंच होतं.

सौंदडच्या सर्व्हरची गोष्ट अजून आमच्याकडे सांगतात. दुपारी जेवणानंतर तिथलं सगळं काम रोज मंद व्हायचं. पावती निघायला वेळ, रांग दारापर्यंत. कोणी म्हणे वीज, कोणी म्हणे व्हायरस. पटलेजींनी बळीरामला जरा जागरूक केलं, म्हणजे मिनिटामिनिटाला लिहायला लावलं, आठवडाभर त्याच्या नोंदी मागवल्या, त्यांचा आलेख काढला. रोज जेवणानंतर रेघ ताडकन वर जायची आणि चहाच्या वेळी खाली. एक दिवस दुपारच्या गाडीने ते न सांगता सौंदडला गेले. सर्व्हर तिथे औषधांच्या खोलीत ठेवलेला, आणि औषधं देणारे गृहस्थ त्याच्याच पडद्यावर पाय वर घेऊन मालिका बघत बसलेले. पटलेजी त्यांच्याशेजारी बसले. भाग संपेपर्यंत बसले. मग म्हणाले, “थे सून चांगली आहे जी. पन उद्यापासून मोबाइलवर पाहा.”

वरती तक्रार केली नाही. मला म्हणाले, “बिचारा एकटा राहते तठी.” मंदपणा त्या दिवसापासून गेला. जागरूक केलेला बळीराम मात्र तसाच ठेवला.

“आता काम झालं ना? बंद करा की त्याला,” मी म्हटलं.

“राहू दे वो बाई. का खाऊन राहिला थो?”

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. काही बिघडलं की नवा कलेक्टर बसवायचा, दुरुस्त झालं की त्याला निरोप द्यायचा नाही. खरं तर तो खात होताच. राखण्या जे लिहितो ते त्याच मशीनवर साठतं, आणि थांबव म्हटल्याशिवाय तो लिहायचा थांबत नाही. हे पटलेजींना माझ्याहून शंभरपट चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर रोजची हजेरी होती. कोण फार फुगलाय हे सकाळी दिसायचं आणि ते त्याच्या जुन्या नोंदी पुसायचे. बंद करणं जिवावर यायचं, म्हणून ते रोज झाडत बसायचे.

मग गोरेगावची लाइन बिघडली. रस्त्याच्या कामात कुठेतरी केबल तुटली, जोडली, पुन्हा तुटली. तिथल्या सर्व्हरवर काय होतंय ते कळावं म्हणून पटलेजींनी एक नवा, फार बारीक लिहिणारा कलेक्टर बसवला. हजेरी मात्र रोज गोरेगावच्या नावापाशी अडकू लागली. दार ठोठावलं की उत्तरच नाही, स्क्रिप्ट तशीच उभी. चहाचं पाणी व्हायचं. एका सकाळी त्यांनी स्क्रिप्ट उघडली आणि गोरेगावच्या ओळीच्या सुरुवातीला एक खूण टाकली. ती खूण असली की मशीन ती ओळ वाचत नाही, सोडून पुढे जाते.

“लाइन सुधरली का काढून टाकतो,” ते म्हणाले.

लाइन सुधारली. खूण राहिली. हजेरी आता झटपट व्हायची, सगळे चालू असायचे. मला तर बरंच वाटायचं, चहा गरम मिळत होता.

त्या दिवशी गोरेगावचा बाजार होता. हजेरी होऊन गेली होती. माझ्या टेबलावरचा फोन वाजला, तिकडची काउंटरवरची मुलगी. “मॅडम, रातपासूनच बंद आहे. एकाही पेशंटचं काही उघडूनच नाही राहिलं. गर्दी पाहा किती आहे.” मी फोन पटलेजींना दिला.

“आताच हजेरी घेतली बेटा, सब ठीक...” एवढं म्हणून ते थांबले. फोन कानालाच होता. दुसऱ्या हाताने त्यांनी स्क्रिप्ट उघडली. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. गोरेगावची ओळ, आणि तिच्यापुढे ती खूण.

त्यांनी गोरेगावला वेगळं विचारलं. तो बारीक लिहिणारा कलेक्टर चालूच होता. लिहून लिहून त्याने सर्व्हरची सगळी जागा भरून टाकली होती. नवीन नोंद ठेवायला जागा नाही, म्हणून जुन्या उघडणंही बंद. रोजच्या नोंदी रात्री गोंदियाला येतात, जागा संपत आल्याने त्याही काही दिवस आल्या नव्हत्या. पटलेजींनी कलेक्टर थांबवला. मी त्यांना एखादा कलेक्टर थांबवताना पहिल्यांदाच बघत होते. मग ते फाइली पुसू लागले. पण लाइन ती गोरेगावचीच, सुधारली तरी संथ, एकेक फाइल जायला वेळ घेत होती.

तोपर्यंत तिकडे एक मुलगी आली होती. प्रज्ञा रामटेके, पाचवी-सहावीतली, सिकलसेलची पेशंट. आमच्याकडे घरोघरी हा रक्ताचा आजार, त्याचं दुखणं उठलं की हाडं कुणी पिळतंय असं होतं म्हणतात. मागच्याच खेपेला, त्या न आलेल्या नोंदींच्या दिवसांत, तिला दुखण्याचं एक इंजेक्शन बाधलं होतं आणि दुसरं कोणतं चाललं होतं, हे सगळं गोरेगावच्या सर्व्हरवर लिहिलेलं. आईला नाव आठवेना. डॉक्टर नवीन. न बघता सुई टोचायला ते तयार झाले नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी साधी गोळी दिली आणि तिला ॲम्ब्युलन्समध्ये घालून गोंदियाला पाठवलं. सर्व्हर सुरू झाला तेव्हा ती रस्त्यात होती. इथे आल्यावर इथल्या नियमाने पुन्हा रक्त, पुन्हा तपासण्या, वरच्या डॉक्टरांची वाट.

आम्ही दोघं खाली गेलो. मुलगी स्ट्रेचरवर होती, आईच्या लुगड्याचं टोक तिने दातात धरलं होतं. ओरडत नव्हती. पटलेजी तिच्या पायाशी उभे राहिले. वॉर्डबॉयने “सरका जी” म्हटलं तेव्हा सरकले.

ती वाचली. पण काही महिन्यांनी खुब्याचं हाड खराब झाल्याचं निघालं आणि ती लंगडू लागली. सिकलसेलमध्ये असं होतं. पटलेजींनी हाडांच्या डॉक्टरांना गाठून विचारलं, त्या दिवशीच्या उशिरामुळे झालं का? डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येणार नाही. मग उशिरामुळे नाही झालं ना? तसंही सांगता येणार नाही. या दोन उत्तरांच्या मधे तो माणूस पुढची वर्षं राहिला. डॉक्टरांनी ‘हो’ म्हटलं असतं तर निदान एकदा रडून मोकळे झाले असते.

दवाखान्याने कागदावर ‘तांत्रिक बिघाड’ लिहिलं. व्यवस्थापकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, मीही होते. “पटलेजी, जो हो गया सो हो गया. आप क्यों अपने सर पे ले रहे हो? लिख दिया ना, टेक्निकल.”

“टेक्निकल म्हंजे कोन जी?” पटलेजी म्हणाले. “माझं नाव तर पटले आहे.”

व्यवस्थापक हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, त्या घरी जाऊन काही बोलायचं नाही, उद्या पेपरवाले येतील, दवाखाना बंद पडेल, मग गरिबांनी जायचं कुठे? गरिबांचं नाव निघालं की आमच्याकडे सगळे गप्प होतात. पटलेजीही झाले. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मीही म्हटलं, कायले उकरून काढता पटलेजी, पोरीचा पाय थोडाच बरा होणार आहे?

नंतरचे पटलेजी वेगळे होते. हजेरी घ्यायचे, पण मनात. ओठ हलायचे, आवाज नाही. खूण तर कधीच काढली होती, तरी गोरेगावची ओळ आल्यावर ते पडद्याला बोट लावून खात्री करायचे. सगळ्या सर्व्हरवरचे जुने कलेक्टर त्यांनी एकेक करून काढून टाकले. एकाच दुपारी सोनाबाई, बळीराम, गणपत, सगळे गेले. नव्यांना नुसते आकडे दिले. मी थट्टेचा प्रयत्न केला, की आता काय नवीन बारसं? ते म्हणाले, “नाव देल्लं का मोह होते.” चहावाला विचारायचा, पाहुणे कोणी नाहीत का हल्ली? नव्हते. आले तरी उठायचे तेव्हा उठायचे, पटलेजी बसा म्हणत नसत.

प्रज्ञा आईबरोबर तपासणीला गोंदियाला यायची. माझ्याच खिडकीवर नोंद. लंगडत चालण्याची तिची एक लय झाली होती, पटलेजींना ती आवाजाने समजायची. समजली की ते उठून मागच्या जिन्याने सर्व्हरच्या खोलीत जायचे आणि ती जाईपर्यंत बाहेर यायचे नाहीत. एकदा त्या खोलीला बाहेरून कुलूप लागलेलं होतं, मी बघितलं तर ते तिथेच जिन्यावर भिंतीकडे तोंड करून बसलेले. मला त्यांचा राग आला. एवढंच लागतं तर समोर जावं, नाहीतर विसरावं. हे असं तोंड लपवत फिरणं मला बघवत नव्हतं. आता वाटतं, मी स्वतःवरच चिडत होते, आणि ते त्यांच्यावर काढणं सोपं होतं.

ते निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल-नारळ, व्यवस्थापकांचं भाषण, ‘इनके रहते हमारा सिस्टम कभी बंद नहीं पड़ा.’ टाळ्या झाल्या. पटलेजींनी शाल खांद्यावरून काढून घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. जाताना नेलीच नाही.

थोड्या दिवसांनी एका रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे. “चाल वो बाई, गोरेगावले जाऊन येऊ. मी एकटा गेलो तर फाटकातूनच वापस येतो, मले माहीत आहे.”

कुठे, ते विचारावं लागलं नाही. मी स्कूटी काढली. वाटेत दोन्हीकडे धान कापणीला आलेलं. गोरेगावच्या पुढच्या एका वस्तीत विचारत विचारत घर सापडलं. प्रज्ञा शिकवणीला गेली होती. तिची आई, ललिताबाई, अंगणात भाजीच्या जुड्या बांधत होती. दवाखान्यातली बाई म्हणून तिने मला ओळखलं, खाट टाकली, पाणी आणलं. मी बसले. पटलेजी बसले नाहीत.

उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते अडखळतील, पण त्यांनी हे पाठ केलं असावं. मशीनवर राखण्या बसवला होता, तो थांबवायचा राहिला, रोज विचारायचो त्यात तुमच्या गोरेगावचं नाव मीच गाळलं होतं, म्हणून जागा भरली, म्हणून तुमच्या मुलीचा कागद उघडला नाही. “बिघाड नोहता जी. मी होतो.”

ललिताबाईच्या हातातली जुडी तशीच राहिली. ती चिडेल, शिव्या देईल, गाव गोळा करेल, या सगळ्याची माझी तयारी होती. तिने वेगळंच विचारलं.

“कवापासून बंद होतं थे?”

“आदल्या रातीपासून.”

“म्हंजे सकारीच आनलं असतं मी तिले, तरी बंदच राहिलं असतं?”

“हो जी. बंदच राहिलं असतं.”

ती खाली बसली. “थे सकारपासून म्हनत होती, आई, पाय दुखून राहिला. मी म्हटलं, थांब, बाजार आहे, भाजी खपू दे. टोपली खाली झाल्यावर नेलं मी तिले.” ती जुड्यांकडे बघत बोलत होती. “सासू अजून म्हनते, भाजी इकत बसली अन् पोरीचा पाय घालवला. नवरा म्हनत नाही, पन त्यालेही तेच वाटते. मले तर वाटतेच. पोरगी रातले कन्हली का मी उठून बाहेर येऊन बसतो.”

मग तिने मान वर केली. “तुमाले मालूम होतं, तर इतके दिवस मले काऊन जरू देल्लं?”

आवाज चढलेला नव्हता. पटलेजींनी जे पाठ केलं होतं त्यात हा प्रश्न नव्हता. मुलीच्या पायाचा विचार आम्ही केला होता, दवाखान्याचा, पेपरवाल्यांचा, नोकरीचा केला होता. ही बाई आमचं ओझं घेऊन रात्री अंगणात बसत असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

पटलेजी म्हणाले, “भेव वाटला जी.”

“कोनाचा? माझा?”

तिचा भेव कुणालाच वाटला नव्हता, हे तिलाही समजलं असावं. ती उठली, जुड्या ओट्यावर ठेवल्या आणि घरात गेली. आतून काही आवाज आला नाही, ना रडण्याचा ना भांड्यांचा.

मी पटलेजींना म्हटलं, चला आता. त्यांनी मान हलवली.

“तू जा बाई. मी आहो अठी.”

“किती वेळ थांबणार?”

“थे बाहेर येल तवर. आली अन् कोनी नसलं तं?”

मी हट्ट केला नाही. तिथे आणखी एक क्षण उभं राहणं मलाच जमत नव्हतं. पुढच्याच आठवड्यात ते आपल्या मुलीकडे रायपूरला गेले आणि यंदा तिकडेच वारले. त्या दिवशी ती बाहेर आली का, काय बोलली, हे मी त्यांना फोनवर विचारू शकले असते. विचारलं नाही. ललिताबाई अजून माझ्या खिडकीवर येते, मी तिच्या मुलीची नोंद करून देते, आणि ती मला काही म्हणत नाही.

त्या दिवशी निघताना स्कूटी वळणावर आली तेव्हा मी आरशात बघितलं. अंगणात खाट रिकामी होती. घराचं दार उघडंच होतं, आणि पटलेजी त्या दाराकडे तोंड करून उभे होते.